दाट पाणी

माझं नाव बिरा. आम्ही धनगर, इनामगावच्या शिवारात घोड नदीच्या कडंला आमची वस्ती हाय. आता शेती हाय थोडी, पण माझ्या लहानपणी मेंढरंच व्हती, दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घिऊन कोकणात उतरायचे, मागं आई, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या बांधलेल्या आन् कोंबड्यांच्या शेजारी मी. मंग एका साली मेंढरांत रोग आला, रोज चार-पाच मरायला लागली, आप्पांनी ऱ्हायलेली इकून टाकली आन् म्हणाले, बास झालं, आता पोरांनी एका जागी ऱ्हायचं. मी सातवीपतूर शिकलो. सहा म्हयनं हितं आन् सहा म्हयनं तिकडं अशी शाळा, काय सांगू तुम्हाला ताई, सातवी पास व्हईपतूर मला मिशा फुटल्या व्हत्या.

लगीन झालं, पयली पोरगी झाली, तवा कोरेगाव भीमाच्या अंगाला कंपन्या उभ्या ऱ्हायला लागल्या व्हत्या. नव्वदच्या पुढची गोष्ट ही. मी बी एकीत लागलो. नाव नका लिहू, ती कंपनी आता न्हाईबी, तिथं गोडाऊन झालंय. ल्हानशीच व्हती, पत्र्याचं शेड, तीन मोठ्या टाक्या आन् आम्ही वीसएक माणसं. तिथं काय व्हायचं, तर पाणी व्हायचं. यंत्र धुवायचं पाणी, तेलकट फरशी धुवायचं पाणी, गंज काढायचं पाणी. आईला सांगितलं तर ती म्हणायची, नदी हाय की दाराम्होरं, पाणी कशाला बनवावं लागतंय?

तिथं शामूभाऊ भेटला. शामुवेल. शिरूरचा, ख्रिस्ती, त्येच्या आज्यापास्नं ते चर्चच्या मागच्या चाळीत ऱ्हायचे. माझ्याहून धा-बारा वर्सांनी मोठा, उंच, डोळ्याला चष्मा, खिशाला पेन. टाकीत काय किती पडतं ते त्येच्या हातात असायचं, आन् मी त्येच्या हाताखाली. मला कारखान्यातलं जे काय येतं ते त्या माणसानं शिकवलं. कवा आवाज चढवला न्हाई. चुकलं तर म्हणायचा, बिरा, परत बघ.

पाणी दाट करायचं असतं हे मला तिथंच कळलं. पातळ माल गिऱ्हाइकाला नको असतो, वाहून जातो. साबणाच्या मालात मीठ टाकलं की दाट व्हतं, खरंच साधं मीठ, हळूहळू सोडायचं आन् ढवळायचं. पर मीठ जरा जास्त झालं का, फसकन् पातळ! मंग ती टाकी सुधारता सुधारता दोन दिवस जात. मला ते बघायला लई आवडायचं. आमच्या आईबरूबर मी सणगराच्या घरी जायचो घोंगड्यासाठी, तिथं चिंचोक्याची खळ शिजत असायची, ती काठीवरनं कशी पडती त्यावरनं सणगरीण सांगायची झाली का न्हाई ते. माझा डोळा तिथंच तयार झाला असंल. काठी टाकीत बुडवायची, वर धरायची, धार कुठं तुटती ते बघायचं. साहेबाकडं तळाला भोक असलेला कप व्हता, त्यो किती वेळात रिकामा व्हतो ते घड्याळ लावून मोजायचं, पर शामूभाऊ म्हणायचा, कप ऱ्हाऊ द्या साहेब, आधी बिराला इचारा. आन् माझा अंदाज आन् कप जुळायचे. छाती फुगायची माझी, खोटं का बोलू.

मंग दौंडकडच्या साखर कारखान्यांचं काम आलं. त्यांच्या उभ्या टाक्या, भिंतींना गंज. गंज काढायचं पाणी म्हंजी त्यात ॲसिड असतंय, ते भिंतीवर मारलं का तवाच खाली वघळून जायचं, गंज तसाच. त्यांनी साहेबाला सांगितलं, भिंतीला धरून बसंल असं द्या. आता ॲसिडात खळ चालत न्हाई, पीठ चालत न्हाई, ॲसिड ते खाऊन टाकतं. साहेबानं मुंबईहून एक पिवळसर तेलकट माल आणला, सरफॅक्टंट म्हणायचे त्येला, वास मासळीचा, म्हणून आम्ही नाव पाडलं मासळीतेल. ते ॲसिडाच्या पाण्यात हळूहळू सोडलं, ढवळलं, आन् तासाभरानं बघतो तर पाणी काठीला धरायला लागलं! शिजवणं न्हाई, पीठ न्हाई. मी शामूभाऊला इचारलं, असं कसं? तर म्हणाला, त्येचे आत दोरे व्हत्यात, आपल्याला न दिसणारे लांब लांब दोरे, ते एकमेकांत अडकत्यात, म्हणून वाहत न्हाई. आन् उन्हात ते ढिले पडत्यात. मला ते पटलं, लोकरीचं मला माहीतच व्हतं.

उन्हाचंच झालं पुढं. एका उन्हाळ्यात माल गेला आन् तिकडं जाऊन पातळ झाला, ड्रम माघारी आले. साहेब लई तापले. म्हणाले, दुसरा माल उद्या गेलाच पायजे. त्या दिवशी शामूभाऊ नव्हता, त्यांचा गुड फ्रायडे व्हता, त्यो चर्चला. टाकी मी एकट्यानं केली. परमाणाच्या कागदावर जेवढं लिवलेलं तेवढं मासळीतेल टाकलं, शेडमधी आग पेटल्यावानी ऊन, काठी उचलली तर धार पातळच. मला वाटलं, परत ड्रम माघारी आले तर नाव माझंच जाणार, बिराचा अंदाज चुकला म्हणणार. म्हणून मी आजून टाकलं. दीड बादली. कुणाला इचारलं न्हाई. टाकीत काय पडलं ते लिवायच्या पुस्तकात ते लिवलं न्हाई, कागदावरचाच आकडा टाकला. दुपारी धार मस्त पडली. मी खुशीत घरी गेलो.

पर रातीतून माल गार झाला. सकाळी त्यो काकवीसारखा झाला व्हता. शामूभाऊ आला, नेहमीपरमानं माझ्या आकड्याखाली सही केली, न बघता, इश्वास व्हता ना. आन् ड्रम भरायला पंप चालू केला. पंपाला त्यो माल ओढंना, घुर्र घुर्र करायला लागला, पाईप फुगला, मी टाकीच्या पलीकडं व्हतो, मला आवाज कळला, वरडणार तेवढ्यात पाईप निसटला आन् सगळं त्येच्या तोंडावर.

आधी बी उडालं व्हतं आमच्या अंगावर, न्हाई असं न्हाई. पातळ असायचं तवा बादलीभर पाणी वतलं का झालं, जरा लाल व्हायचं. म्हणून गॉगल कपाटातच ऱ्हायचे. आता पाणी वतलं तर ते जाईना. चष्मा कुठं पडला कुणास ठाऊक, ते पापण्यांच्या आत जाऊन बसलं व्हतं, पाणी वतावं तसा फेस यायचा आन् फेसाखाली ते तसंच. मी हातानं निपटायला लागलो, तर त्येच्या तारा निघायच्या. माझ्या बोटांची साल गेली, हे बघा, हितं आजून बोटं गुळगुळीत हायत. त्यो वरडत नव्हता वो. त्यो नुसतं म्हणत व्हता, बिरा, निघंना. निघंना रे.

टेम्पोत घालून पुण्याला नेलं. दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा ईस्टर, त्येची बायको, मार्था वहिनी, तशीच नव्या लुगड्यात दवाखान्यात आलेली. डॉक्टर तिला सांगत व्हते आन् मी भिंतीला टेकून ऐकत व्हतो, म्हणाले, बाई, पातळ असतं तर धुऊन निघालं असतं, हे चिकटून बसलं.

मंग चौकशी झाली. साहेबांनी मला केबिनमधी बोलावलं, शेजारी बाहेरचा एक अधिकारी. साहेब म्हणाले, पुस्तकात परमाण बरूबर हाय, खाली शामुवेलची सही हाय, म्हंजी माल बरूबर हाय, पाईप त्यानंच नीट आवळला न्हाई, असंच ना बिरा? घरी बायको पोटूशी, आप्पा अंथरुणाला, नोकरी गेली तर परत कुठं? मी म्हणलं, व्हय. एवढंच. एक शबुद. त्या एका शबदावर कंपनीनं हात झटकले आन् दोष सगळा त्येच्या माथी गेला. माझी नोकरी ऱ्हायली.

तवापास्नं दर रविवारी मी यष्टीनं शिरूरला जायचो. वहिनी बालवाडीत शिकवायची, रविवारी तिला धुणं, बाजार असायचा, मंग मी शामूभाऊजवळ बसायचो. त्येला पवित्र शास्त्र वाचून दाखवायचो. मी बिरोबाचा माणूस, सातवी शिकलेला, आडखळत वाचायचो, आन् त्येला सगळं पाठ, त्यो पुढचा शबुद आधीच सांगायचा. मी म्हणायचो, मंग मला वाचायला कशाला लावतो? तर हसायचा, म्हणायचा, तुझा आवाज कळतो ना, म्हणून. वहिनी च्या ठेवायची. म्हणायची, भावजी, कंपनीतलं एक माणूस फिरकलं न्हाई, तुम्ही तेवढे येता. मी च्या घाईघाईनं पिऊन यष्टी गाठायचो.

लई वर्सं गेली अशी. कंपनी बंद पडली, मी रानात काम करायला लागलो. मंग एका रविवारी, वहिनी भायेर गेलेली, शामूभाऊ वटाणा सोलत बसला व्हता, बोटांनी बरूबर सोलायचा, आन् मी सांगून टाकलं. सगळं. मासळीतेल, पुस्तक, केबिन, व्हय म्हणलो ते. त्येचा हात थांबला. मला वाटलं आता हाकलून दील, बरं हुईल हाकललं तर. मंग म्हणाला, किती टाकलं व्हतं? म्हणलं, दीड बादली. दीड? म्हणाला, आन् मान हलवली. लई झालं रे ते. अर्धीत भागलं असतं. परत बघायचं व्हतं.

आन् परत वटाणा सोलायला लागला. मी रडाय लागलो तर म्हणाला, रडू नको, ती येईल. आन् मार्थाला हे सांगू नको. मी गेल्यावर तिच्याकडं कुणीतरी यायला पायजे.

गेल्या थंडीत त्यो गेला. मी खांदा दिला. आजून बी मी रविवारी जातो. वहिनी आता म्हातारी झाली, च्या पुढ्यात ठेवते, डोळं मिटून प्रार्थना करते आन् त्या प्रार्थनेत माझं नाव घेते, बिरा भावजींना सुखी ठेव म्हणते. मी मान खाली घालून बसतो. मला ते सोसत न्हाई आता ताई. माझं बी वय झालं.

तुम्ही म्हणला लिवते, म्हणून मी बोललो. आता छापा. नावं बदलू नका. वहिनीला वाचता येतं, एक प्रत तिच्या पत्त्यावर धाडा, मी तोंडानं सांगू शकणार न्हाई. शामूभाऊचा शबुद मोडतोय मी, ते मला ठावं हाय. येत्या रविवारी जाईन. दार उघडलं तर आत बसंन. न्हाई उघडलं तर जरा पायरीवर टेकंन आन् येईन माघारी. तिचा देव तिला सुखात ठेवो, आन् माझा बी.