लोखंडाचा नवस

भागूबाई : वाच की. बारावी शिकलीयास न्हवं? शाळेतल्या मनिषाबाईंनी मला वाचून दावलाय ह्यो कागद. आता सुनंच्या तोंडनं ऐकू दे.

सुप्रिया : माझ्या पेटीत हात कशाला घातला, आत्या?

भागूबाई : सासूनं सुनंची पेटी उघडू न्हाय, असा कायदा तुज्या लोणी भापकरात आसंल. हितं कळंबात न्हाय. वाच.

सुप्रिया : तांबी बसवली. एप्रिल शहाण्णव. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. खाली डॉक्टरांची सही. झालं समाधान?

भागूबाई : समाधान म्हनती. वरीस होत आलं, बिरोबाला बोललीया, नातवंडाचं त्वांड बघंस्तोवर पायात वहाण घालनार न्हाय. ह्या उन्हात उसाच्या पाचटातनं अनवानी हिंडतीया. टाचंला भेगा पडल्यात, बोट जाईल येवढ्या. आन् ही बया पोटात तांबी घालून सांजच्याला माज्या टाचंला तेल चोळती. चोळताना हसू कसं आलं न्हाय गं तुला?

सुप्रिया : हसण्यासारखं काय होतं त्यात? मी खाली मान घालून चोळायचे, तुमचं लक्ष वाकळेच्या टाक्यात. माझ्या तोंडाकडं बघितलं असतं तर कळलं असतं.

भागूबाई : गोडगोड बोलून गळा कापायला शिकलीयास. युवराज, हिकडं ये. त्यो टेम्पो पुसायचा ऱ्हाऊ दे. तुला ठावं हुतं का हे?

युवराज : मला? न्हाय बा, आये. मी पहाटं दूध भरून जातो, दुपारी येतो. मला बायकांतलं काय कळतंय.

भागूबाई : घे. नवऱ्याला बी ठकवलं.

सुप्रिया : आवं, हेच माझ्याकडं बघून म्हना की.

युवराज : आता भांडण वाढवायचं हाय का सुप्रिया? आई तापलीया. नंतर बोलू ना.

सुप्रिया : नंतर कधी? ह्यांच्यासमोर तुमची नंतरची वेळ कधी आलीच न्हाय.

भागूबाई : त्येला कशाला बोलतीस? माज्याशी बोल. येक ल्योक माजा. मालक गेलं तवा ह्यो आठ वर्साचा. मेंढरं इकली, जिमीन घेतली, ऊस लावला, कुनासाठी? त्येच्यामागं कोन? येक प्वार देवानं दिलं, ते बी तू गिरनात इळी घिऊन बसलीस म्हनून गेलं.

सुप्रिया : आत्या, ग्रहणाचं परत काढू नका.

भागूबाई : का काढू नको? दिवाळीचं गिरान सगळ्या गावानं पाळलं. पोटुशीनं चिरू न्हाय, शिवू न्हाय, हे लेकराला बी ठावं असतंय. आन् तू भोपळा चिरत बसलीस. पोराची पाठ उकलूनच आली का न्हाय?

सुप्रिया : ग्रहणाला मला सहावा महिना होता. पाठ पहिल्याच महिन्यात घडती. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. बाईला पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवर पोराचा कणा मिटलेला असतो. त्या भोपळ्याचा काय संबंध न्हाय.

भागूबाई : मंग कशाचा संबंध?

सुप्रिया : साखरेचा. दिवस जायच्या वेळी माझ्या रक्तात साखर लई होती. तशात पोराची पाठ, काळीज बिघडायचा धोका असतो. म्हणून म्हणतात, आधी साखर ताब्यात आणा, पोराच्या कण्यासाठीची पिवळी गोळी घ्या, डोळे तपासा, मूत्रपिंड तपासा, मग पोराचा विचार करा. तोवर दिवस जाऊ द्यायचे न्हाईत. म्हणून तांबी. कायमची न्हाय ती.

भागूबाई : आन् किती दिस ह्यो विचार करनार तू? वरीस तर झालं.

सुप्रिया : रक्ताचा एक रिपोर्ट असतो, पुण्याला जातो. तीन महिन्यांची सरासरी कळती. माझा अकरा होता. आता साडेआठवर आलाय. सातच्या आत पाहिजे. डॉक्टर म्हणाले, अजून चार महिने नेटानं केलं तर येईल.

भागूबाई : आकरा, साडेआठ, सात. दुधाची फ्याट हाय का काय? म्या कोकनात मेंढरांमागं नववा महिना चाललीया. ह्यो युवराज झाला तवा दुपारपतोर मेंढरं कोंडायच्या जाळीची वाघर ठोकीत हुते. कुना डाक्टरनं माजं रगत पुण्याला न्हेलं न्हवतं.

सुप्रिया : तुमाला साखर न्हवती, आत्या. मला चौदाव्या वर्षापासून हाय.

भागूबाई : आन् ते लपवून तुला माज्या गळ्यात बांधली.

सुप्रिया : लपवलं न्हाय. बघायला आले तेव्हा माझ्या बापानं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. रोज दोन सुया लागतात, जन्मभर लागणार, पटत असेल तर हो म्हना. हे म्हणाले, आईला मी सांगतो. आणि तुमाला सांगितलं, ताकदीच्या सुया हायेत.

भागूबाई : व्हय का रं?

युवराज : आये, तवा तू न्हाय म्हनली असतीस.

भागूबाई : म्हनले असतेच. आजबी म्हनते. ऐक गं. डाळजच्या भीमाची पोरगी सुकन्या अजून बिनलग्नाची घरातच हाय. भीमा म्या म्हनंल तवा कुंकू लावायला तयार हाय. उद्या सकाळच्या येस्टीनं बारामतीला जायाचं, ते पोटातलं काढून यायचं. न्हायतर त्याच येस्टीनं फुडं लोणीला जा, हिकडं परत यायचं काम न्हाय. ह्यात आता बदल न्हाय.

सुप्रिया : उद्या काढलं आणि पुढच्या महिन्यात दिवस गेले, तर?

भागूबाई : तर पेढं वाटीन.

सुप्रिया : आणि परत तसंच झालं, तर?

भागूबाई : तोंडाला लागाम न्हाय का तुज्या?

सुप्रिया : न्हाय. माझ्या पोटचं गेलंय, मी बोलणार. आत्या, एक विचारते. मामंजी असताना मेंढ्या रोडावल्या की नर मेंढ्याचं काय करायचे?

भागूबाई : हे काय मदीच?

सुप्रिया : सांगा तर.

भागूबाई : बाजूला बांधायचा. वल्या गवतावर म्हैनाभर चारायच्या, अंगात भरल्या की मंग सोडायचा. रोडक्या मेंढीचं कोकरू जगतंय व्हय? म्हाताऱ्यानं मेंढरांचं सबंध खांड असंच वाढवलं. कुनी हसू दे न्हायतर नावं ठिऊ दे, मेंढा सोडला न्हाय.

सुप्रिया : मग मला का देत न्हाय तसे चार महिने?

भागूबाई : ती जनावरं हायती.

सुप्रिया : तेच म्हणते. जनावरासाठी तुमी थांबत होता.

भागूबाई : मला शिकवू नको. शिकल्याली सून करायचीच न्हवती म्या. युवराज, उद्या तू सवता हिला न्हेऊन सोडायची. बारामती का लोणी, ते तिनं बघावं.

सुप्रिया : हे कसे सोडतील? तांबी बसवायला ह्यांनीच नेलं होतं. दुधाच्या टेम्पोतनं. दवाखान्याच्या दारात दोन तास बसले होते. परत येताना भिगवण चौकात मला उसाचा रस नको म्हणून स्वतःपण प्यायले न्हाईत. सांगा आता, मी खोटं बोलते म्हणून.

भागूबाई : युवराज.

युवराज : व्हय. मीच न्हेलं हुतं.

भागूबाई : आन् मगा न्हाय म्हनलास.

युवराज : तुझी भीती वाटती मला, आये. पहिल्यापास्नं वाटती. म्हनून तर ते सगळं झालं.

सुप्रिया : गप बसा. ते काढू नका.

युवराज : तू गप बस. तिनं डाळजला सोयरीक बघितली, आता काय ऱ्हायलंय झाकायचं? आये, तुझा पैला नवस आठवतोय का? लग्नाआधी बिरोबाला बोललीवतीस. सुनंला दिवस जाईस्तोवर तिच्या अंगाला लोखंड लागू देनार न्हाय.

भागूबाई : बोलले हुते. फेडला बी. त्येचं काय?

युवराज : सुई लोखंडाची न्हाय का? आल्या आल्या तू सुप्रियाच्या सुया बंद केल्यास. त्याबदली दूध-तूप दिलंस दोन टाइम.

भागूबाई : ताकदीच्या सुया म्हनलावतास तू. ताकदीला म्हनून म्या दूध-तूप घातलं.

युवराज : मी म्हनलो हुतो. माझीच चूक. तवा खरं बोललो असतो तर... ही पोरगी गोठ्यात म्हशीआड बसून घ्यायची चोरून. दोनच्या जागी येक, ती बी जमंल तवा. तू मागं गेलीस की ती बी ऱ्हायली. तीन महिनं असंच. किती वाळली हुती, आठव. त्यातच दिवस गेलं. आन् दिवस गेल्याचं कळल्यावर तुझा नवस फिटला, तवा तू म्हनलीस, आता घे बाई सुया. तवर पाठ घडून गेल्याली.

(बाहेर म्हैस दावणीला अंग घासते.)

भागूबाई : खोटं.

युवराज : डॉक्टरांनी तारखा लावून दाखवल्या आये. मला बी, हिला बी.

भागूबाई : ह्यो डाक्टर माज्यावर घालतोय.

सुप्रिया : डॉक्टरांना तुमचं नाव पण म्हाईत न्हाय. मी सांगितलं, सुया मीच चुकवल्या. आणि ते खरं हाय. तोंड उघडून न्हाय म्हणता आलं असतं मला. मी नवी होते. मला वाटलं, एवढी देवाला मानणारी बाई हाय, हिच्या मनाविरुद्ध पहिलंच पाऊल कसं टाकू.

भागूबाई : आन् वरीसभर गिरनाचा बोल ऐकून घेतलास.

सुप्रिया : घेतला.

भागूबाई : आख्ख्या गावाम्होरं तुला म्या पांढऱ्या पायाची म्हनले, तवा बी बोलली न्हाईस. का?

सुप्रिया : पोरगं होतं तितके दिवस तुमी त्याला पालथं मांडीवर घेऊन बसलेल्या होता. पाठीवरची माशी वारत. जेवायला उठवलं तर उठत न्हवता. अशा बाईला हे कसं सांगायचं, मला सुधरलं न्हाय.

भागूबाई : आज सुधरलं व्हय?

सुप्रिया : मी आजपण सांगणार न्हवते. ह्यांनी सांगितलं.

भागूबाई : चार म्हैने म्हनलीस.

सुप्रिया : चारच, असं न्हाय. रिपोर्ट सातच्या आत आला की. पाच लागतील, सहा लागतील. रिपोर्ट आल्याशिवाय मी तांबी काढणार न्हाय. लोणीला पाठवलं तरी न्हाय.

भागूबाई : भीमाला निरोप धाड रं युवराज. म्हनावं पोरीला दुसरं ठिकान बघ, आमच्यासाठी आडवून ठिवू नको.

युवराज : बरं.

भागूबाई : बरं काय, आत्ता जा. आन् तू गं, ऐक. त्यो रिपोट पुण्यास्नं येईल तवा मनिषाबाईकडनं वाचून घेनार म्या. तुमा दोगांवर माजा इस्वास न्हाय.

सुप्रिया : घ्या वाचून.

भागूबाई : आन् म्या तुला माफ केल्यालं न्हाय. तांबीचं न्हाय, लपवल्याचं बी न्हाय. ध्येनात ठिव.

सुप्रिया : मीपण तुमाला केलं न्हाय, आत्या.