अक्षरांच्या आधीची चित्रं

"हॅलो?… हॅलो, आक्का? अगं तुटतंय सगळं. परत गोठ्यात उभी राहून बोलतेस का? अंगणात ये… हां. आता बोल."

भिंगारच्या बाजारामागच्या त्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळ उतरली होती, आणि खोलीने ती अजून मान्य केली नव्हती. दिवा न लावता कानिफनाथ संगणकाच्या निळसर उजेडात बसला होता. दिवसभर संगणकाच्या वर्गात शिकवून यायचे आणि आल्यावर पुन्हा संगणकासमोरच बसायचे, असा त्याचा दिनक्रम. राहात्याला दिलेली थोरली बहीण पंकजा एरवी रविवारीच फोन करी. आज रविवार नव्हता.

"काय?… दाजींना नवा फोन घ्यायचाय. मग मला कशाला विचारता? मागच्या खेपेला विचारलंत, आणि घेतला तो दुकानदारानं हातात ठेवला तोच… नाही गं, रागावलो नाही. कोणता म्हणतात?… मागं किती कॅमेरे?… चार! आक्का, त्यातले दोन नुसते शोभेचे असतात. पोळ्याला शिंगाला बेगड लावतात ना, तसे. बैल त्यानं जास्त ओढतो का?… हो, हो… अगं ऐक ना. रॅम वाढवून मिळते, असं सांगितलं असेल त्यानं. कुठून वाढते? स्टोरेजमधलीच कापून तिकडं जोडतात. गोधडीचा पदर फाडून गोधडीलाच ठिगळ!"

यंत्रांवर त्याचे प्रेम होते. मात्र प्रेम करण्याची त्याला अवगत असलेली एकमेव रीत म्हणजे दोष काढणे.

"आणि नवा फोन उघडला की आत आधीच पन्नास अ‍ॅप. कोणी मागितली होती? पत्त्यांचा जुगार, घरबसल्या कर्ज, बायकांचं भविष्य… आपल्याच नव्या घरात आपण पाऊल टाकावं, तर पाव्हणे अंथरुणं टाकून घोरतायत! आणि काढता येत नाहीत… हो, 'डिसेबल' करता येतात. म्हणजे हाकलायचं नाही, फक्त तोंडावर चादर ओढायची… अपडेट? अपडेटचं नाव काढू नकोस माझ्यापुढं. काल बटण जिथं होतं तिथं आज नाही. म्हातारं माणूस अंधारात घरातली पायरी पायानं ओळखतं, आक्का. आणि हे लोक रातोरात पायरी हलवतात. वर सांगतात, तुमच्या सोयीसाठी!"

पलीकडून पंकजाने काहीतरी विचारले असावे. कीबोर्डवर चालणारी त्याची बोटे थांबली.

"म्हणजे? फोनसाठी फोन नव्हता केलास?… आईचं काय?… बरी आहे ना ती?… मग झालं तर. मला कशाला सांगतेस? तिला सांग. दिवेलागणीला तिचा एक मिस कॉल, एवढंच ठरलं होतं आमचं. एक रिंग, की कट. म्हणजे सगळं ठीक. मी इथं आल्यापासून कधी चुकला नव्हता. आणि आता दिवाळीला पंधरवडा उलटला, एकदा न्हाई!… मी का करू? भांडण तिनं काढलं."

दिवाळीतल्या पाडव्याची दुपार त्याच्या मनात अजून उसवलेलीच होती. पाथर्डीकडच्या आपल्या गावी, घराच्या ओट्यावर, तो आईचा फोन मांडीवर घेऊन बसला होता. तेव्हा आई, लंकाबाई, चुलीपाशी बसून, त्याच्याकडे न पाहता म्हणाली होती, "तू घरी येतो ते माझ्या फोनला भेटायला." एवढेच वाक्य. पण काही वाक्ये भाकरीच्या पिठातल्या खड्यासारखी असतात, बारीक आणि दाताखालीच येणारी. तो उठला होता, पिशवी उचलली होती, आणि फराळाचा डबा ओट्यावरच राहिला होता.

"अगं पण मी तिचाच फोन नीट करत होतो ना! हँग व्हायचा. एक नंबर उघडायचा म्हणजे गिरणीत दळणाचा नंबर लावून बसल्यासारखं. आणि आत काय भरलं होतं माहितीय? अख्ख्या आळीचे नंबर! शेजारच्या राहीबाईचे व्याही, टेम्पोवाला, कुणाचा मुकादम, कुणाचा बोअरवाला… आईला यांचं काय करायचंय? तो छगन! ओम मोबाईल शॉपीवाला. त्यानं आळीत जेवढे फोन विकले तेवढ्यांना एकच जीमेल लावून दिलंय. एकच! म्हणे, दरवेळी नवं काढायचा कुटाणा कोण करतो? एका कुलपाची किल्ली सगळ्या गावात वाटली, आणि वर म्हणतो, कुलूप मजबूत हाय!"

तो उठला. खोली अरुंद होती. राग मोठा होता. खिडकी ते पलंग, पलंग ते खिडकी, अशा त्याच्या येरझारा सुरू झाल्या.

"मग मी केलं साफ. सगळं… अगं, वरती तर नावाच्या जागी नुसती इमोजीची चित्रं होती. नाव न्हाई, गाव न्हाई. पोपट, बैल, झेंडू, ट्रक. एकाच नंबराला कुठं बैल, कुठं पोपट. कचरा नुसता! सगळं उडवलं, आणि तिच्या कामाचं तेवढं नीट टाईप करून ठेवलं. दवाखाना. गॅस. तू. आणि सगळ्यात वर मी… 'कानिफनाथ, भिंगार'. शुद्ध, स्वच्छ. असं पाहिजे… काय म्हणालीस?"

पंकजा बराच वेळ बोलत राहिली. तो आधी अधूनमधून हुंकार देत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर एक कडवट समाधान उजळले.

"काय सांगतेस! छगनच्या दुकानापुढं बायकांची गर्दी?… सगळ्यांचे नंबर गेले? सगळ्या फोनातले?… तोडीवर गेलेल्यांचे पण?… बरं झालं! लई बरं झालं. हेच सांगत होतो मी. एक अकाउंट ठेवलं की असंच हुतं. एकानं कुठं पुसलं की सगळीकडं…"

वाक्य तिथेच थांबले.

दर आठवड्याला वर्गातल्या नव्या मुलांना तो हेच समजावून सांगत असे. फळ्यावर एक ढग काढायचा, ढगाखाली चार फोन, आणि बाण. इथले पुसले की तिथलेही पुसले जाते, मुलांनो. त्या दुपारी आईच्या फोनकडे पाहताना त्याला फोन दिसला होता, ढग दिसला नव्हता. आता दिसत होता, आणि त्याच्याखाली एक आळी उभी होती. दिवाळी उरकून तिच्यातली निम्मी घरे कोयते घेऊन ऊसतोडीला पांगली होती. पोरे म्हाताऱ्यांपाशी ठेवून, हाताशी फक्त एक नंबर ठेवून.

"आक्का… कधी गेले म्हणालीस नंबर?… पाडव्याला. दुपारी… हां. हां… न्हाई, ऐकतोय. बोल."

"छगनला शिव्या देतायत? त्यानं काय… थांब जरा. ज्योती कोण?… हां, राहीबाईची सून. तोडीवर हाय ना ती?… पोराशी रोज बोलायची… बोलणं होत न्हाई. अगं पण कॉल हिस्ट्रीत नुसता नंबर तरी दिसत असेल की! तो दाबायचा… कोणता दाबायचा, खरंय. राहीबाईला कसं कळणार. चित्र न्हाई म्हटल्यावर… चित्रं म्हणजे… आक्का, ती चित्रं बायकांची होती?"

उत्तर यायच्या आधीच त्याला ते कळले होते. कळणे पुष्कळदा असे दारात उभे असते आणि आपण त्याला पत्ता विचारत असतो. आळीतल्या न वाचणाऱ्या बायकांनी छगनच्या दुकानात बसून आपापली माणसे निवडली होती. नवऱ्याला बैल, त्याच माणसाला त्याच्या आईच्या घरी पोपट. फोनच्या यादीत चित्रे सगळ्यात वर लागतात, अक्षरांच्या आधी. म्हणून त्यांना खाली जावेच लागत नसे.

"मला कोणी सांगितलं का न्हाई?… विचारलं न्हाई. हो. न्हाई विचारलं… आई काय म्हणाली?… काय?… पुन्हा सांग."

पंकजाने पुन्हा सांगितले. त्यानेही ते सावकाश उच्चारले, जणू परक्या भाषेतला मजकूर असावा.

"'भांडून गेला, आणि जाताना स्वतःला पुसून गेला.'… असं म्हणाली?… मी पुसलं न्हाई! मी तिथंच हाय, सगळ्यात वर! 'कानिफनाथ' लिहिलंय अगं, तिला सांग, पहिलंच… हो… हो, म्हाईत हाय. वाचता येत न्हाई… सही येते तिला… सहीपुरतंच येतं, म्हाईत हाय म्हणलं ना!"

शेवटचे शब्द तो जवळजवळ ओरडला. खाली गल्लीत कोणीतरी वर पाहिले असावे. भिंगारला राहू लागल्यापासून त्याच्या जिभेवर चढलेली इस्त्री आता पुरती मोडली होती.

"मी कोण होतो?… चित्र गं! माझं चित्र कोणतं होतं?… घुबड?… मला घुबड? त्या छगनला दुसरं काय सापडलं न्हाई? घरात कोण घुबड… आईनं? आईनं स्वतः निवडलं?… 'शिकत होता तवा रातभर उजेडाकडं डोळे लावून बसायचा'… असं सांगितलं तिनं त्याला…"

पुसताना त्याने सर्वांत आधी तेच पुसले होते. हसला होता. असले अशुभ पाखरू आईच्या फोनात कोणी सोडले, म्हणाला होता. त्या पाखराच्या मागे कोणता नंबर आहे, हे उघडून पाहण्याचेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

"…हां, हाय मी. तू कोण होतीस?… मिरची. बराबर हाय… न्हाई, हसत न्हाई. ऐक. परत आणता येतंय. एका महिन्याच्या आतलं परत आणता येतं. पण त्या अकाउंटचा पासवर्ड पाहिजे. छगनला फोन लाव, त्याला म्हण… तुला म्हाईत हाय? तुला कसा म्हाईत?… कुठं लिहिलाय?… शटरवर! रंगानं?… 'विसरल्यास इथे पाहावा'! आक्का, मी त्या माणसाचं… या माणसाला… सांग. सांग पटकन. मी तुला स्पीकरवर ठेवतो."

फोन त्याने टेबलावर उताणा ठेवला. कीबोर्ड जवळ ओढला.

"ओम… परत ओम… एक दोन तीन. सगळी अक्षरं लहान? बरं. वा! असल्या पासवर्डला चोर पण लाजंल… थांब. आता विचारतंय, 'आत येणारे तुम्हीच आहात का?' मला न्हाई गं. त्या सगळ्या फोनांना विचारतंय. आळीतल्या, तोडीवरच्या. कोणीतरी 'हो' दाबलं तरच उघडंल… दाबणार न्हाई कोणी. दाबूच नये! मी वर्गात हेच शिकवतो, अनोळखी माणूस दार वाजवतोय, तर… बघ. दाबलं कोणीतरी 'नाही'. शाबास! खरंच शाबास… हो, परत करतो."

त्याने पुन्हा दार वाजवले. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिले. कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत, पाचटाने शाकारलेल्या कोपीबाहेर, उसाच्या रसाने चिकट झालेली बोटे पदराला पुसून कोणीतरी तो प्रश्न पाहत असेल. वाचता येत असेल वा नसेल. कोण आहे आत येऊ पाहणारा? जिने सर्व नंबर गमावले, तिला आता अनोळखी कोण आणि ओळखीचे कोण?

"…उघडलं… आक्का, उघडलं. 'हो' म्हणलं कोणीतरी… न्हाई म्हाईत कोणी. कधीच कळणार न्हाई… थांब, बोलू नको. दिवाळीच्या आधीची तारीख टाकतो… हां… आलं… झेंडू. ट्रक. बैल आला, पोपट आला. ही मिरची, तू आलीस… हे आलं."

बाकीचे त्याने बोलून दाखवले नाही. दोन वाटोळे डोळे पडद्यावरून त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्याखाली त्याचा नंबर होता.

"सगळीकडं जाईल आता, आपोआप. रेंज असंल तिथं लगेच… छगनला तू काही सांगू नको. मीच सांगतो, मी पुसले म्हणून… पण म्हणून त्याचं खरं न्हाई हां! एकच अकाउंट म्हणजे चूक ती चूकच. आणि शटर! रविवारी जातो, प्रत्येकीचं वेगळं करून देतो… चित्रं? जशीच्या तशी. एक हलवणार न्हाई… दाजींना सांग, तो चार कॅमेऱ्यांचाच घ्या म्हणावं. घ्या म्हणतोय ना! आवडलाय ना त्यांना?"

"आईला?… करतो की… न्हाई, आत्ता न्हाई करत. तू म्हणालीस ना, रोज दिवा लावला की ती फोन उघडून बघते… हो, आजच्या दिवस तिलाच बघू दे. काय?… न्हाई, रुसलो न्हाई गं. खरंच न्हाई…"

टेबलावरचा फोन पंकजाच्या आवाजाखाली एकदा कण्हला. दुसरा कॉल. एकच रिंग; आणि कट.

"…आक्का… काही न्हाई… न्हाई, काही झालं न्हाई… हो. तिचाच… ठेव तू… तू ठेव आधी… बरं, मीच ठेवतो."

त्याने लाल बटण दाबले. खोलीत आता पुरता अंधार होता, आणि त्या अंधारात फोनच्या पडद्यावर, आईच्या नंबरापुढे त्याने कधी काळी नीटनेटकी टाईप केलेली अक्षरे उजळून राहिली होती : 'घर, जुना नंबर'. तो पाहत राहिला. त्याच्यापाशी तिचे एकही चित्र नव्हते.