रविवारच्या फोनापुरते शब्द

गोविंदरावांचे श्रीपतराव, श्रीपतरावांचे वासुदेवराव आणि वासुदेवरावांची लेक देवकाबाई. पवनारच्या बसमध्ये त्या शेजारी बसलेल्या, गावातल्याच कॉलेजकुमारी गुंजनकडून ताठ मानेने इंग्रजी शब्द शिकत होत्या. मागच्या बाकापर्यंत ऐकू जात होते.

“‘टार्गेट ऑडियन्स’ म्हंजे?”

“ज्यायच्यासाठी जाहिरात करतात, ते लोक. पण आजी, तुमाले काऊन पाह्यजे?”

“नात पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत आहे. रविवारी फोनवर म्हणते, ‘आजी, तुले नाई समजत,’ अन् दोन मिनिटांत ठेवते. आठवडाभर घरात तेवढाच आवाज येते, पोरी. शिकवणीचे किती झाले?”

“काहीच नाई. माह्या मायले सही तुमीच शिकवली होती. आज फिटलं.”

“फिटलं कसं? अजून ‘ब्रँड’ राह्यला.”

“ज्या नावावर लोक भरोसा ठेवतात, ते नाव.”

“हां. आता पुरतं फिटलं.”