बोलका भाग

(हिंदी मुलखातला बूढ़ापारा मोहल्ला. तिथलं मराठी घर. टीव्हीवर जुना मुका सिनेमा. आबा नरहरी आणि नात मोनाली पडद्याला डोळे लावून; तिची आई क्षमा आत स्वयंपाकात. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी.)

नरहरी : आला! आवाज आला! मोनू, पाह्य!

मोनाली : आबा, वो कुकर है.

नरहरी : क्षमा, बंद कर ते! माझे बाबा बोलतील आता, अन् तुझा कुकर मधातच.

क्षमा : आबा, सिनेमा-संग्रहालयवाल्यांनी ही फिल्म पाठवताना सांगितलं नं, सिनेमा अर्धा बनला अन् मग आवाजाची मशीन आली. बोलका भाग शेवटी आहे.

नरहरी : मी पाळण्यात होतो तवा ते गेले. त्यांचा आवाज ऐकाले इतकी वर्षं थांबलो, आता कुकरापायी चुकवू का?

मोनाली : आपके बाबा कौन-से हैं? धोतीवाले?

नरहरी : हव. लग्नाच्या पंगतीतला वाढपी. पाह्य, बसले बुंदीच्या परातीत!

मोनाली : पूरी बुंदी चिपक गई!

नरहरी : अन् तीच काढून पाहुण्याले वाढून राहिले! अरे बापा!

क्षमा : आबा, हळू हसा. वरणाला फोडणी देऊ का?

नरहरी : नको! मिरचीनं मले शिंका येतात. मीच शिंकत राहिलो तर त्यांचं बोलणं कसं ऐकू?

क्षमा : बरं, थांबते.

मोनाली : आबा! बाजा बज रहा है!

नरहरी : श्श्. नवरदेव गाऊन राहिला. आले, बाबा मागून आले. मठ्ठ्याचा तांब्या घेऊन. तोंड उघडलं, पाह्य, तोंड उघडलं...

सिनेमा : आऽऽ... आऽऽ... हाऽऽक्छी!

क्षमा : आबा! फोडणी तर दिलीच नाही मी. काहून शिंकले?

मोनाली : आई, आबा नहीं छींके.

क्षमा : चल! अशी शिंक पुऱ्या पाऱ्यात दुसऱ्या कुणाची आहे? शेजारच्या दीदी खिडकी लावून घेतात.

नरहरी : मी नाही, पोरी. बाबा शिंकले.

क्षमा : काय? थांबा, आले. मोनू, मागे घे.

सिनेमा : आऽऽ... आऽऽ... हाऽऽक्छी!

क्षमा : अगंबाई! शिंकताना मांडीवर मारायची थापसुद्धा आबांचीच!

मोनाली : फिर क्या बोले वो?

नरहरी : काही नाही. गाणं मोडलं म्हणून नवरीच्या बापानं हाकलून दिलं. संपलं त्यांचं काम.

क्षमा : एक शब्दही नाही? आबा... वाईट वाटलं?

नरहरी : काहून? जन्मभर मी त्यांचाच आवाज काढून राहिलो, अन् मलेच माहीत नव्हतं. जा, दे फोडणी. दोन मिरच्या जास्तीच्या टाक.

मोनाली : आई, आबा पाळण्यात होते, तब उनके बाबा उन्हें क्या कहके बुलाते थे? हाऽऽक्छी?