पाचव्या अंकातलं मरण

गारखेड्यात पाण्याच्या टँकरच्या रांगेत नीरजाच्या पुढं एक म्हातारं जोडपं रिकाम्या कळश्या घेऊन उभं होतं.

“उद्या माझा शेवटचा प्रयोग. आता तरी राजाचं मरण बघ, सरोजिनी.”

“पहिल्या प्रयोगाला बघितलं, तेवढं पुरे झालं.”

“तीस वर्षं झाली! दरवेळी पाचव्या अंकाला चहा प्यायला बाहेर पळतेस.”

“चहा कोण पितं? नुसती उभी राहते.”

“अगं, बावीस ओळी पद्यात बोलून मरतो मी. इतक्या थाटात कोण मरतं?”

“ओळींचं काही नाही हो. त्यानंतर श्वास रोखून पडता, ते बघवत नाही.”

“म्हणजे उद्याही नाहीच?”

“विंगेत थांबते. पण पडदा पडला की आधी डोळे उघडून माझ्याकडं बघायचं. टाळ्या नंतर.”