काम वाढवून मिळावं, ही विनंती

...नाही, अर्ज करावा की माणसाने, मी कुठे नको म्हणते? रजेसाठी करावा, बदलीसाठी करावा, नळाला पाणी येत नाही म्हणून करावा. पण आमच्या सूनबाईंनी अर्ज कशासाठी केला असेल? बसून ऐका हं, उभ्याने झेपणार नाही. काम वाढवून मिळावं म्हणून! आणि काम कसलं, तर फुकटचं! तुम्हाला सांगते, मी एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होते, हाताखाली नर्सांची पलटण, पण उभ्या नोकरीत माझ्या टेबलापाशी येऊन "मॅडम, मला आणखी एक वॉर्ड द्या ना," असं म्हणणारी मुलगी मला भेटली नाही. भेटली असती तर मी आधी तिचा ताप बघितला असता.

तर हे काम काय ते सांगते, कारण मलाही ते कळायला बराच काळ लागला. संगणक चालू केला की आपण काही करायच्या आधीच आत एक कारभार सुरू होतो ना? पडदा उजळतो, माउस हलायला लागतो, जो तो आपापल्या जागी येऊन उभा राहतो. त्या कारभाराला म्हणायचं ऑपरेटिंग सिस्टीम. ती विकत मिळते एवढं मला ठाऊक होतं. पण एक अशी आहे की तिला मालकच नाही! जगभरची माणसं घरी बसून ती लिहितात, दुरुस्त करतात, वाटून टाकतात, आणि वर म्हणतात, घ्या, आतलं सगळं उघडून बघा, नाही पटलं तर बदला! मी म्हटलं, "अगं, मग ह्यांचं पोट कशावर?" तर म्हणते कशी, "आई, पोटासाठी नोकरी आहे ना." म्हणजे दिवसभर ऑफिसात संगणक, आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणून काय, तर संगणक!

आणि त्या अवाढव्य कारभारात हिच्या वाट्याला काय यावं? प्रिंटर! आता प्रिंटर ही काय चीज आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. शाई भरलेली असते तरी म्हणतो शाई नाही, कागद ठेवलेला असतो तरी म्हणतो कागद नाही, आणि ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी नुसतंच घुर्र घुर्र करून मान टाकतो. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कोणाचा प्रिंटर असा रुसला, की ती तक्रार येऊन पडते आमच्या जेवणाच्या टेबलावर. हातात घास आणि डोळे पडद्यावर! आमचे चिरंजीव दातांचे डॉक्टर आहेत. ते शांतपणे बायकोच्या ताटात भाजी वाढतात आणि म्हणतात, "नीट चावून खा." संपलं त्यांचं योगदान.

मी म्हटलं, अगं, सगळं करतेच आहेस, मग अर्ज कसला? तर इथेच मेख आहे! दुरुस्ती करायची हिने, पण ती सगळ्यांच्या सामाईक कोठारात नेऊन ठेवायचा अधिकार हिला नाही. तो फक्त पक्क्या सभासदांना. हिने सगळं करून एका सभासदापुढे मांडायचं, त्याने तपासायचं आणि स्वतःच्या सहीने आत सोडायचं. हिच्या वाट्याचे सभासद म्हणजे दूरदेशीचे एक दाढीवाले. मी फोटो बघितलाय. पुढे दाढी आहे आणि मागे थोडे ते आहेत. माणूस अगदी देवमाणूस, पण मधमाश्या पाळतात! हिने काकुळतीने लिहावं, "अहो, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जात नाहीयेत, तेवढी दुरुस्ती आत सोडा," आणि तिकडून सावकाश उत्तर यावं, "नक्की बघतो, सध्या मध काढणं चाललंय." तोवर इकडे कुठल्याशा शाळेतली बाई बिचारी हाताने प्रश्नपत्रिका लिहितेय!

एका रविवारी आम्ही दोघी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. चादरीच्या पलीकडून म्हणाली, "आई, इतकी वर्षं मी करते ते दुसऱ्याच्या सहीने जातं. माझं चुकलं तरी ते निस्तरतात, बरोबर आलं तरी नाव त्यांचंच लागतं. मला एकदा माझ्या सहीने काहीतरी करायचंय हो... पण नाही म्हणाले तर?" खरं सांगते, मला माझा वॉर्ड आठवला. रुग्ण डोळ्यांसमोर तळमळतोय, औषध कुठलं द्यायचं ते मला पक्कं ठाऊक, आणि सही करणारे डॉक्टर जेवायला गेलेत... ह्या ताटकळण्यात माझी निम्मी नोकरी गेली! मी चादर बाजूला केली आणि म्हटलं, "कर अर्ज. मी आहे!" मला काय कल्पना, 'मी आहे' म्हटलं की मलाही पळावं लागणार आहे!

आता तुम्हाला वाटेल, फुकट राबायला माणूस आपल्या पायाने आलाय, तर हाताला धरून आत घेतील. नाव काढू नका! आधी म्हणे एका सभासदाने लेखी सांगायचं, ही बाई भरवशाची आहे. ते दाढीवाल्यांनी चटकन लिहून दिलं. वर म्हणाले, "तू कधी विचारतेस ह्याचीच वाट बघत होतो, माझ्या माश्याही बघत होत्या." मग दुसरी पायरी. तिथे सही शाईची नसते, एक डिजिटल किल्ली असते, आणि त्या किल्लीला आकडे-अक्षरांचा एक लांबलचक क्रमांक. तर कोणीतरी सभासदाने समोरासमोर भेटून खात्री करायची, की ही बाई म्हणजे हीच बाई आणि ही किल्ली हिचीच. फोनवर नाही, व्हिडिओवर नाही, समोरासमोर! अहो, स्थळ बघायलासुद्धा हल्ली एवढं कोणी येत नाही. आणि हे सगळं कशासाठी? काम वाढवून मिळावं म्हणून!

सगळ्यात जवळचे सभासद म्हणजे एक ग्रंथपाल. ते आमच्या स्टेशनावरून पुढे जाणार होते, गाडी थोडा वेळ थांबते, तेवढ्यात उरकू म्हणाले. त्या सकाळी सूनबाई किल्लीचा क्रमांक कागदावर छापायला गेली, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या घरातला प्रिंटर बंद! जगाचे प्रिंटर सांभाळणारी बाई घरच्या प्रिंटरला थापट्या मारतेय! शेवटी मी माझ्या वळणदार अक्षरात क्रमांक उतरवला आणि आम्ही धावत स्टेशन गाठलं. ग्रंथपाल खिडकीतली जागा सोडून फलाटावर उतरले. बारीकसा माणूस, चष्मा कपाळावर. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, "पासपोर्ट?" पासपोर्ट बघतात, हिला बघतात, परत पासपोर्ट बघतात. "केस?" "कापले." "हं." मग माझा कागद बघून म्हणतात, "हे कोणी लिहिलं?" मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, "मी!" "मग हे चालणार नाही. त्यांनी स्वतः त्यांच्या संगणकावरून वाचायला हवं." माझं अक्षर नाकारलं! ज्या अक्षराने मोठमोठे सर्जन सुतासारखे सरळ केले, ते अक्षर!

झालं, सूनबाई फलाटावर बाकड्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मोठमोठ्याने वाचतेय, "सात, बी, शून्य, डी..." आणि ग्रंथपाल एकेका अक्षराला मान हलवतायत. मधेच वरून गाड्यांची घोषणा, की पुन्हा पहिल्यापासून! लोक जमले. पोलीस आला. "काय चाललंय इथे? आकडे कसले?" ग्रंथपाल म्हणाले, "ओळख पटवतोय." "म्हणजे तुम्ही ओळखत नाही एकमेकांना?" सूनबाई म्हणाली, "ओळखतो की! किती वर्षं रोज बोलतो." "मग पासपोर्ट कशाला?" "कधी भेटलो नाही ना!" "मग आज का भेटलात?" दोघं एका सुरात, "ओळख पटवायला!" पोलिसाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्हाला कळतंय का काही?" मी म्हटलं, "ओ की ठो कळत नाही बाबा, पण पोरीचं काम होऊ दे." तुम्हाला सांगते, तो पोलीस गर्दीला म्हणाला, "ए, गप्प बसा रे सगळे, ताईंना वाचू द्या!"

आणि नेमकी गाडी हलली! ग्रंथपाल टुणकन आत, खिडकीतून ओरडतायत, "शेवटचे चार! शेवटचे चार!" सूनबाई उघडा लॅपटॉप ताटासारखा धरून गाडीबरोबर पळतेय, "नऊ! एफ! दोन! सी!" मागे तिची चप्पल उचलून मी पळतेय, माझ्या मागे पोलीस पळतोय. तो का पळत होता ते त्यालाही माहीत नाही. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि अंगठा वर झाला. फलाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी मला विचारलं, "मुलीला परदेशात नोकरी लागली का?" काय सांगू त्यांना? म्हटलं, "नाही हो आजोबा, काम वाढवून मिळणार आहे!"

एवढ्यावर भागलं असतं तर कशाला! मग परीक्षा. एक परीक्षक नेमले आणि ते प्रश्नावर प्रश्न पाठवायला लागले. नियम विचारले, किचकट कामं करून दाखवायला लावली, आणि मधेच एक भलताच सवाल: "एखाद्याने उत्तम प्रोग्रॅम फुकट दिला, पण अट घातली की डावखुऱ्यांनी तो वापरायचा नाही, तर तुम्ही तो घ्याल का?" आमचे चिरंजीव डावखुरे! आयुष्यात ज्याने घरात आवाज चढवला नाही, तो वरणाचा डाव आपटून म्हणाला, "अजिबात घ्यायचा नाही!" सूनबाईने त्यावर चार पानं लिहिली. लिहिलं, पाठवलं, आणि मग तिकडून चिडीचूप. आज नाही, उद्या नाही. ती बोलायची नाही, पण घरातली सगळी कपाटं आवरून झाली, मग शेजाऱ्यांची आवरायला मागू लागली. दाढ दुखते म्हणून सांगायचंही तिला भान राहिलं नाही. शेवटी गाल सुजला तेव्हा तिला धरून दवाखान्यात नेली, नवऱ्याच्याच.

ती खुर्चीत आडवी, तोंड उघडं, अर्धा चेहरा सुन्न, चिरंजीवांच्या हातात यंत्र घुंई घुंई करतंय, आणि माझ्या पर्समध्ये तिचा फोन वाजला. मी बघितलं. परीक्षकांचं पत्र! मी मोठ्याने वाचलं, "आपला अर्ज मंजूर झाला आहे. आपण आजपासून सभासद." तशी ती तोंडातल्या नळ्यांसकट उठून बसली! "आँ! आँऽऽ!" एका डोळ्यातून पाणी, निम्म्याच ओठांनी हसतेय, गळ्यातलं फडकं उडालं, तिने मला मिठी मारली, मी चिरंजीवांना मारली, बाहेर बसलेला एक पेशंट आतला आरडाओरडा ऐकून पळून गेला. मी रडले. का रडले विचाराल तर सांगता येणार नाही, पण भरपूर रडले.

आणि घरी आल्यावर विश्रांती घ्यावी की नाही? सुन्न तोंडाने बसली आणि पहिली दुरुस्ती स्वतःच्या सहीने सोडली! संध्याकाळच्या आत तक्रारी सुरू. ज्याने ज्याने ती घेतली, त्याचं प्रत्येक पान उलटं छापून येतंय! कोणाचा लग्नाचा मजकूर उलटा, कोणाचा नकाशा उलटा, एका गायकांच्या स्वरलिपीचं तर विचारूच नका. माझं धाबं दणाणलं. म्हटलं, आता रडणार ही. बघते तर काय, ती फोन घेऊन नाचतेय! "आई, बघा, बघा, शिव्या! थेट माझ्या नावाने आल्यायत! दाढीवाल्यांचा उल्लेखसुद्धा नाही!" आता सांगा, अशा माणसावर इलाज काय? रात्रीच्या जेवणाआधी तिने सगळं सरळ केलं, माफी मागितली, खाली स्वतःची सही केली आणि ती सही मला तीनदा दाखवली.

इथे थांबायचं ना मी? पण जीभ! सहज बोलून गेले, "कोणीतरी आधी कागदावर छापून बघायला हवं होतं." झालं! दोघं टक लावून माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्यात म्हणे पद्धतच आहे, 'कोणीतरी करायला हवं' असं जो म्हणेल, ते काम त्याचं! तेव्हापासून प्रत्येक दुरुस्ती आधी मी छापून बघते. उभं, आडवं, दोन्ही बाजूंनी. आणि माझा अहवाल सूनबाई तपासते बरं का! "आई, शाई फिकी म्हणजे नेमकी किती फिकी?" हे मला विचारते, नुसत्या डोळ्यांच्या रंगावरून काविळीचा पेशंट ओळखणाऱ्या मेट्रनला! शेवटी परवा मी म्हटलंच, "हे बघ, तुझ्या सहीने मी किती दिवस पाठवायचं? मलाही जरा जबाबदारीचं काम दे." तर म्हणते कशी, "नक्की आई! अर्ज करा ना. फक्त शिफारस घरच्यांची चालत नाही, बाहेरचा सभासद लागतो."

म्हणून विचारते, तुमच्यात आहे का हो कोणी त्यांच्यातलं? लाजू नका, हात वर करा... मागे? तिकडे कोपऱ्यात?... कोणीच नाही? अहो, मग इतका वेळ मी कोणापुढे घसा कोरडा करतेय!