शून्य लोकसंख्येची गावं

ऑफिसात मी एकदाच भांडले, तेही रशियातल्या एका जिल्ह्यासाठी! सिंगापुरात आंग मो किओला आमची कंपनी नकाशे बनवते. तो ग्रामीण जिल्हा अख्ख्या सिंगापूरहून मोठा, पण यादीत कित्येक गावांपुढे लोकसंख्या शून्य.

आमचे मॅनेजर देसाई सर म्हणाले, "शून्यवाली गावं काढून टाक."

"नाही काढणार."

"अगं, तिथे कुणीच राहत नाही!"

"सर, मी जॉइन झाले तेव्हा तुम्ही पहिलं माझं मूळ गाव विचारलंत, मग तुमचं सांगितलंत. तिथे आता कोण राहतं?"

"कोण राहणार? मी तिसरीत असताना धरणाखाली गेलं ते."

"मग तेही काढू?"

त्या दिवशी सर हॉकर सेंटरला माझ्याशिवाय जेवले. जेवू देत. नकाशात एकूण एक गाव आहे, नावासकट.